दोन वर्षं मुरवलेली सौम्य सिगार: एका परीक्षणाची हकिगत

२०२४ च्या ऑक्टोबरात मी एका सिगारचं परीक्षण लिहून पूर्ण केलं. सिगार साधी, सुटी घेतली तर आठ-नऊ डॉलरला मिळणारी, चवीला सौम्य, आणि माझ्या घरात दोन वर्षांहून जास्त काळ मुरलेली. परीक्षण जेमतेम दोन पानांचं झालं, पण त्यामागे खरेदी, साठवण, सोसायटीची परवानगी, विम्याचे फॉर्म आणि पुष्कळ वाट पाहणं आहे. सुरुवात करताना यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं आणि मराठीत वाचायलाही काही हाती लागलं नाही. सिगारच्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस गांगरतोच. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहिते आहे.

आधी एक सांगते. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनंही होतो आणि निकोटिन ते निकोटिनच. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करावं, असं मला मुळीच वाटत नाही. मी स्वतः उन्हाळ्याच्या दिवसांतच, तेही अधूनमधून ओढते आणि ती मर्यादा पाळते.

मी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहराच्या उत्तरेला, विंडसरजवळ राहते. नोकरी विमा कंपनीतल्या सॉफ्टवेअरची. या भागातले आपले बरेच लोक त्याच कामासाठी आलेले आहेत. आमच्या ऑफिसमधले एक निवृत्त सहकारी मे ते ऑक्टोबर दर महिन्याला आपल्या घरामागच्या अंगणात काही मंडळी जमवतात. आळीपाळीनं एकेकानं एक सिगार निवडायची, सगळ्यांना द्यायची आणि तिचं लेखी परीक्षण वाचून दाखवायचं, असा तिथला शिरस्ता. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मला विचारलं. मी होकार दिला आणि अटी स्वतःच ठरवल्या: किंमत दहा डॉलरच्या आत, चव सौम्य, आणि निदान दोन वर्षं मुरलेली. तेवढं थांबायची त्यांची तयारी होती.

सौम्यच का? सिगारवर लिहिणाऱ्यांचा ओढा जड, काळपट पानाच्या, डोकं गरगरवणाऱ्या सिगारींकडे असतो. सौम्य सिगार नवशिक्यांची, असं म्हणून एका ओळीत तिचा निकाल लावतात. मला ते पटत नाही. तिखटजाळ रश्श्यात मीठ थोडं इकडेतिकडे झालेलं खपून जातं, साध्या वरणात ते पहिल्या घासाला कळतं. सौम्य सिगार बनवणाऱ्याला लपायला जागा नसते, आणि चाखणाऱ्यालाही जास्त लक्ष द्यावं लागतं.

शिवाय सौम्य सिगारचं जे पान जगभर नावाजलं गेलं ते आमच्या दारचं आहे. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात १९०० च्या सुमारास शेतांवर पातळ कापडाचे मांडव घालून, सुमात्राहून आलेल्या बियाण्यापासून तंबाखू पिकवायला सुरुवात झाली. मांडवामुळे ऊन गाळून येतं, आत दमटपणा टिकतो, पान पातळ, लवचिक आणि फिकट सोनेरी होतं, शिरा बारीक राहतात. हेच ते ‘कनेक्टिकट शेड’. हे पान बुंध्यासकट कापत नाहीत. खालून वर, जसजसं तयार होईल तसतसं एकेक खुडतात. १९४४ आणि १९४७ च्या उन्हाळ्यांत मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर कॉलेजच्या खर्चासाठी पैसे जमवायला इथल्याच सिम्सबरी गावातल्या तंबाखूच्या शेतावर राबले होते. दक्षिणेत, जिथे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसता येत नसे, तिथे वाढलेल्या त्या मुलानं, इथल्या हॉटेलात कुठेही बसून जेवता येतं, असं घरी पत्रातून कळवलं होतं. त्या शेताची जमीन जपण्यासाठी २०२१ मध्ये सिम्सबरीच्या नागरिकांनी मतदान केलं. आता मांडव जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. त्याच जातीचं पान इक्वेडोरमध्ये ढगांच्या सावलीत मोठ्या प्रमाणावर पिकतं आणि इथल्या शेतांत उघड्यावरचं जाड ‘ब्रॉडलीफ’ जास्त दिसतं. पण पान सुकवायच्या त्या लांबोळक्या लाकडी शेड अजून उभ्या आहेत.

अशी एक शेड आतून बघायची असेल तर विंडसरच्या नॉर्थवेस्ट पार्कमधल्या तंबाखू संग्रहालयात जा. भिंतीच्या उभ्या फळ्या एकाआड एक उघडता येतात, हवा किती आत घ्यायची ते त्यावर ठरतं. देठात दोरा ओवून पानं काठीला कशी टांगतात ते पाहताना मला सोलापूर आठवलं. आमच्या घरासमोरच्या मावशी विड्या वळायच्या. तेंदूची पानं आधी भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, नाहीतर वळताना तडकतात. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, जर्दा भरायचा, वळायची, दोरा बांधायचा. कारखान्यात तपासणीला पान फाटलेली विडी बाजूला काढली की त्या दिवसाची मजुरी कमी. सिगार वळणारेही वरचं पान आधी ओलसर करून मऊ करतात. सिगार हातात घेतली की मी सगळ्यात आधी पान बघते, ते मावशींमुळे.

खरेदी मे महिन्यात केली. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून तंबाखू घ्यायला वय २१ लागतं, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. केस पांढरे असले तरी मागतात. दुकानात आत एक काचेची खोली असते, दमट, लाकडाचा वास असलेली. शेकडो पेट्या बघून काहीच सुचत नाही. तिथे ओळखीची नावं शोधत बसण्यापेक्षा विक्रेत्याला सरळ सांगावं: इतके पैसे आहेत, सौम्य हवी आहे, तासाभरात संपणारी हवी आहे. त्यानं तीन-चार काढून ठेवल्या. क्यूबन सिगार त्यात नसणारच, १९६२ च्या निर्बंधांपासून इथे त्यांची विक्री बंद आहे.

मी ‘मॅकानुडो कॅफे’ निवडली, ‘हाइड पार्क’ आकाराची. साडेपाच इंच लांब, ४९ रिंग गेज. रिंग गेज म्हणजे सिगारची जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेली, म्हणजे ही पाऊण इंचाहून किंचित जाड. ब्रँड मूळचा जमैकाचा, १९७१ पासून अमेरिकेत नावारूपाला आला आणि आता डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनतो. बाहेरचं पान कनेक्टिकट शेड, त्याखाली आकार धरून ठेवणारं पान मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचं, आत डॉमिनिकन आणि मेक्सिकन तंबाखूचं मिश्रण. जाणकार मंडळी हिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण ती सगळीकडे मिळते. माझ्या मते परीक्षणासाठी हेच चांगलं. वाचणाऱ्याला ती सहज मिळते आणि आपलं म्हणणं पडताळून पाहता येतं.

किमतीचा हिशेब असा: कनेक्टिकट राज्याचा कर घाऊक किमतीच्या ५० टक्के आहे, पण एका सिगारमागे ५० सेंटच्या वर जात नाही. त्यावर ६.३५ टक्के विक्रीकर. शेजारच्या राज्यांत वेगळे दर लागतात, तेव्हा पेटी घ्यायची असेल तर आधी चौकशी करा. मी पेटी घेतली नाही, सुट्याच घेतल्या. क्यूबन पेट्यांच्या तळाशी महिना-वर्षाचा शिक्का असतो, इतर देशांच्या बहुतेक पेट्यांवर तारीख नसते. म्हणून माल दुकानात कधी आला ते विक्रेत्याला विचारून घेतलं आणि घरी आल्यावर प्रत्येकीच्या सेलोफेनच्या पारदर्शक वेष्टणावर खरेदीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली. ही चिठ्ठी नसेल तर दोन वर्षांनी सगळ्या सारख्याच दिसतात.

साठवणीची मला फार धास्ती होती, कारण सुरेख लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार दमट ठेवायच्या पेट्या, शे-दोनशे डॉलरच्या पुढे जातात. त्याची गरज पडली नाही. स्वयंपाकघरातला झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, आत देवदारसारख्या वासाच्या स्पॅनिश सीडर लाकडाच्या दोन फळ्या, ६५ टक्के आर्द्रता राखणारं बोव्हेडा कंपनीचं पाकीट आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र, एवढ्यावर भागलं. सगळं मिळून चाळीस डॉलरच्या आत. (स्पॅनिश सीडर हा खरा देवदार नाहीच, तो महोगनीच्या कुळातला, आपल्या तुणीच्या झाडाचा नातेवाईक.) ते डिजिटल यंत्र खरं बोलतं का, हे आधी तपासावं लागतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकून ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते आणि यंत्र एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा ७५ दाखवला पाहिजे. माझं ७२ दाखवत होतं, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी तीन मिळवून वाचायचं.

दुसरं भय किड्याचं. तंबाखूच्या पानात बारीक भुंगेऱ्याची अंडी असू शकतात, आणि उष्मा वाढला की ती उबतात. सिगारला टाचणीएवढी भोकं दिसली की समजायचं. मोठे कारखाने माल गोठवूनच पाठवतात, तरी मी खबरदारी घेतली: हवाबंद पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग डब्यात. एकदम गार किंवा एकदम गरम केलं तर वरचं पान फाटतं.

आता कागदपत्रं. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत दारापासून २५ फुटांच्या आत धूम्रपान बंद आहे, आणि बाल्कनीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही म्हणजे चालतं, असं न धरता मी व्यवस्थापनाला मेल केला. उत्तराला पाच-सहा आठवडे लागले, मध्ये एक बैठकही झाली. शेवटी सामायिक शेगडीजवळच्या कोपऱ्यात, रात्री नऊच्या आत, शेजारी कुणी नसताना चालेल असं लेखी मिळालं. तो मेल छापून ठेवला आहे.

विम्याचं जास्त महत्त्वाचं. नोव्हेंबरमध्ये आरोग्य विम्याचे फॉर्म भरताना तंबाखू वापरता का, हा प्रश्न असतो आणि ‘हो’ म्हटलं तर हप्ता वाढू शकतो. संघराज्याच्या नियमातली व्याख्या गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा अशी आहे, पण कंपनीच्या योजनेत वेगळी असू शकते. मी एचआरला लेखी विचारलं, त्यांनी योजनेचं पान पाठवलं, मग खूण केली. त्याच सुमारास टर्म विमाही घ्यायचा होता. तिथे गेल्या वर्षभरात सिगार ओढली का, असं थेट विचारतात आणि नर्स घरी येऊन रक्त-लघवीचे नमुने नेते. निकोटिनपासून शरीरात कोटिनिन तयार होतं आणि ते काही दिवस सापडतं. मी अधूनमधून ओढते असं लिहून दिलं. काही कंपन्या अशांना सिगारेटवाल्यांच्या दरात घालत नाहीत, काही घालतात. दोन ठिकाणचे दर मागवा. पण खोटं लिहू नका, दावा नाकारला गेला तर घरच्यांना ते भोगावं लागतं.

मग वाट पाहणं. हार्टफर्डचा हिवाळा घरातल्या हीटिंगमुळे कोरडाठाक असतो, पाकीट कडक झालं की बदलावं लागतं. महिन्यातून एकदा डबा उघडायचा, आकडा वहीत लिहायचा, सिगारींची जागा आलटून पालटून ठेवायची. दुसऱ्या हिवाळ्यात सेलोफेनवर पिवळसर झाक आली. पानातली तेलं आणि अर्क त्यात उतरतात, मुरण्याची ती एक खूण. पांढरी केसाळ लव दिसली तर ती बुरशी, ती सिगार फेकायची.

मुरताना होतं काय? तंबाखू सुकवल्यावर पानांचे मोठे ढीग लावतात, आतल्या आत ते तापतात आणि अमोनिया बाहेर पडतो. राहिलेला थोडा नंतर हळूहळू जातो. निरनिराळ्या शेतांतली पानं एकमेकांत मिसळून येतात आणि टोकं बोथट होतात. याचा दुसरा अर्थ असा की सुगंधही थोडाथोडा उडतो. जड सिगारपाशी उडवायला पुष्कळ असतं, सौम्य सिगारपाशी नसतं. किती थांबायचं, हा प्रश्न म्हणूनच सौम्य सिगारला जास्त लागू आहे आणि माझ्या परीक्षणाचा सगळा रोख त्यावरच होता.

२०२४ च्या सप्टेंबरात चाखण्याची वेळ आली. त्याच दुकानातून त्याच आकाराची ताजी सिगार आणली, तिला महिनाभर त्याच डब्यात ठेवलं म्हणजे आर्द्रता सारखी झाली. मैत्रिणीनं दोन्हींच्या कागदी पट्ट्या काढून पांढऱ्या पट्ट्या लावल्या, एकीवर क, दुसरीवर ख. कुठली कोणती ते तिलाच ठाऊक. एकाच संध्याकाळी दोन्ही ओढल्या तर दुसरीपर्यंत जीभ थकते, म्हणून शनिवारी एक आणि रविवारी एक, त्याच वेळी, त्याच खुर्चीत. दोन्ही दिवशी आधी वरण-भात जेवले होते. रिकाम्या पोटी ओढू नका, सौम्य सिगारसुद्धा घेरी आणते. बरोबर फक्त साधं पाणी. चहा-कॉफीनं चव झाकते.

डोक्याचं, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूचं, टोक अगदी थोडं, दोन मिलिमीटर कापलं. न पेटवता ओढून पाहिली. मग पायाकडची, म्हणजे पेटवायच्या बाजूची, कड ज्योतीपासून जरा दूर धरून फिरवत शेकली, सगळी कड राखाडी झाल्यावरच पहिला झुरका. मिनिटाला एक, त्याहून घाई नाही. घाई केली की सिगार तापते आणि कडू होते, मग दोष तिचा की आपला हे सांगता येत नाही. दर थोड्या वेळानं धुराचा एखादा अंश नाकावाटे सोडायचा, निम्मी चव तिथेच कळते.

क: न पेटवता वाळलेल्या गवताचा वास, मागे मधाची गोडी. पहिला एक-तृतीयांश भाग फारच हलका, सायीसारखा मऊ, तुपात भाजलेल्या रव्याचा भास. इथे मी वहीत ‘जरा पोकळ’ असं लिहिलं आहे. मध्यावर चव भरली: भाजलेले शेंगदाणे सालासकट, लाकूड, दुधाची कॉफी. नाकातून सोडताना कुठेही चुरचुर नाही. राख इंचभर टिकली, जळणं एका बाजूनं पुढे गेलं आणि आपोआप सावरलं. कडवटपणा आला तो दीड इंच उरल्यावर.

ख: पहिल्या झुरक्यांना जिभेच्या टोकाला झणका, नाकात अगदी पुसटसा अमोनिया. पण सुगंध जास्त मोकळा, ओल्या गवताचा, पांढऱ्या मिरीचा. मध्यावर शेंगदाणे हिच्यातही होते, पण त्यांच्यामागे तुरटपणा. शेवटचा भाग लवकर कडू झाला, निम्म्याच्या जरा पुढे गेल्यावर मी ठेवून दिली. सिगार विझवताना चिरडू नका, रक्षापात्रात ठेवली की स्वतःच विझते आणि घाण वास सुटत नाही.

मैत्रिणीनं सांगितलं, क मुरलेली. मी तेच वहीत लिहून ठेवलं होतं.

माझा निष्कर्ष असा. दोन वर्षांनी या सिगारची कडू बाजू जवळजवळ गेली, मधला भाग सुधारला, आणि सुरुवातीचा सुगंध कमी झाला. सौदा फायद्याचा आहे, पण इथवरच. आणखी तीन वर्षं ठेवली तर पहिल्या भागातला तो पोकळपणा मध्यापर्यंत पसरेल, असं मला वाटतं. दहा वर्षं मुरवल्याच्या बढाया मारायला ही सिगार नाही. वर्ष-दीड वर्षाला एक चाखावी, आणि सुरुवात फिकी वाटू लागली की उरलेल्या संपवाव्यात.

ऑक्टोबरच्या बैठकीत प्रत्येकाला एक मुरलेली दिली आणि परीक्षण वाचलं. जड सिगारी ओढणाऱ्या एकांनी ‘यात काही घडतच नाही’ असं सांगितलं. शेजारी बसलेल्या बाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या की मधल्या भागात मला आईच्या स्वयंपाकघरातल्या बदामांचा वास आला. शेंगदाणा त्यांच्या वहीत नव्हता, बदाम माझ्या वहीत नव्हता. दोन्ही नोंदी टिपणात ठेवल्या. परीक्षण लिहिताना आपल्या जिभेला जे आठवेल तेच लिहा, इतरांच्या परीक्षणांत वाचलेलं ‘चामडं’ आणि ‘नूगा’ (एक मिठाई) उसनं घेऊ नका. आणि तारीख, आर्द्रता, आधी काय खाल्लं, हे वरच लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला काहीच ताडून बघता येत नाही.

भारतात हे करू पाहणाऱ्यांसाठी थोडं. परदेशातून येताना सामानात २५ पर्यंत सिगारी शुल्काशिवाय आणता येतात, त्यावरच्यांना भरपूर शुल्क पडतं. निघण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम पाहून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २००८ पासून बंदी आहे. साठवणीत आपल्याकडे खरा शत्रू उष्मा आहे. सोलापूरच्या मे महिन्यात डबा कपाटाच्या वरच्या फळीवर राहिला तर किडे नक्की. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात झाकण कमीत कमी उघडा, आणि उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरलेत का ते आधी बघा. धरले असतील तर पाकीट काढून डबा कोरड्या फडक्यानं पुसा आणि आकडा खाली आल्यावरच पाकीट परत घाला.